खालच्या खाचराचं यंत्र

परळ, मुंबई
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम.

फोन न करता पत्र का लिहितोय म्हणून रागावू नकोस. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं, उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस आणि मग वाडीभर सांगत फिरतेस. आमच्या मानसीच्या नोकरीची बातमी तू मागे बारशाची करून टाकली होतीस. तेव्हा हे नीट चष्मा लावून वाच.

परवा मी रिटायर झालो. डेपोत निरोप समारंभ झाला. साहेबांनी शाल दिली, पोरांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. म्हणजे आता ज्याला वेळ बघायची गरज नाही त्याला घड्याळ! भाषणात साहेब म्हणाले, जयवंतने हात लावलेली बस रस्त्यात बंद पडली असं कधी झालं नाही. तुझी वहिनी पहिल्या रांगेत बसून रडली. मी नाही रडलो, पण छाती फुगली हे कबूल करतो.

आता मुद्द्याचं. ग्रॅच्युइटीतून मी यंत्र घेणार आहे. छोटा ट्रॅक्टर, बसून चालवायचा, आपल्या कोकणातल्या खाचरांत वळेल असा. मागे हवं ते अवजार जोडायचं: नांगरणीला रोटाव्हेटर, गवताला पातं, ओझ्याला ट्रॉली. चारचौघं म्हणतात, रिटायर झालास, आता चार धाम कर, नाहीतर थायलंडला जा. मला यातलं काही नको. मला खालचं खाचर नांगरायचंय.

तुला सांगायला नको. आबा मिलमधून रजा काढून पेरणीला गावी यायचे, आणि बैल मागून आणायचे म्हणून सगळ्या गावाची शेतं झाल्यावर आपली पाळी. तोवर रजा संपायची. कित्येकदा आबा नांगर न धरताच परत यायचे आणि मग खोलीवर आठवडाभर कुणाशी बोलायचे नाहीत. मी लहान होतो, पण ते गप्प बसणं लक्षात आहे. आता तर ते खाचर पडीकच आहे. यंदा ते आपल्या यंत्राने, आपल्या वेळेला, कुणाला न विचारता नांगरायचं. माझ्या मनाने एवढं एकच घेतलंय.

काल चाळीच्या पटांगणात मी वहिनीच्या रांगोळीच्या डब्याने यंत्राचा आकार काढला, खराखुरा, चाकांसकट. रांगोळी संपली म्हणून वहिनी बोलत नाहीये. लवू मालवणकर गॅलरीतून ओरडला, “अरे जयवंता, कुंडयेतलो कढीपत्तो जगलो नाय तुझो, आणि शेती करूक जातंस?” पण खाली उतरून त्या आकारात खुर्ची टाकून बसला तोच पहिला.

कुठली कुठली अवजारं घेऊ ते कळव.

तुझा धाकटा,
जयवंत


शिरसकोंड
१४ फेब्रुवारी २०२५

जयवंता,

जयभीम.

पत्र मिळालं. चष्मा लावून वाचलं. बारशाचं आता पुरे कर, तुझ्या बायकोने सगळ्या नातेवाइकांत माझं हसं केलंय.

रिटायर झालास, सुखरूप झालास, हे वाचून बरं वाटलं. साहेबांचं वाक्य मी विहारात सगळ्यांना वाचून दाखवलं. दोनदा. आबा असते तर त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं असतं.

पण यंत्राचं खूळ कुठून काढलंस? बसून नांगरणी करायची म्हणजे मला लाजच वाटेल. या वाडीत कुणी बसून शेती केलेली नाही. बसून शेती करणारे वरच्या आळीत असायचे, ते ओटीवर बसायचे आणि आपण त्यांची शेती करायचो. मी चिखलात सीटवर बसलेली बघून म्हशी बिथरतील.

तरी विचारलंस म्हणून सांगते. अवजारं कंपनीच्या कागदावरून घेऊ नकोस. माझ्या डोक्यावरून काय काय जातं ते ऐक. परसातून शेतावर शेण जातं, पाट्या भरून. डोंगरातून गवताचे भारे येतात. उन्हाळ्यात विहिरीवरून पाण्याचे हंडे. कापणीला भाताच्या पेंढ्या. दगड, माती, सगळं डोक्यावरच. डोक्यावरून जे उतरेल तेच अवजार घे. फवारणीबिवारणी नको, माझ्या वांग्यांना मी राख टाकते तेवढी पुरते.

आणि एक विचारते. यंत्राची रुंदी किती? चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत. आकड्यात सांगू नकोस, मला समजेल असं सांग.

वहिनीला म्हणावं रांगोळी मी पाठवते, इथे शिरगोळ्याचे दगड पुष्कळ आहेत.

अक्का


परळ
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

तुझं पत्र मी लवूला वाचून दाखवलं. ‘डोक्यावरून जे उतरेल तेच’ हे ऐकून म्हाताऱ्याला त्याची आई आठवली. मग म्हणाला, “माझ्या आवशीक ह्या कोणी इचारल्यानच नाय.” त्या वाक्यावर आमची निवड झाली. ट्रॉली पक्की. गवताचं पातं पक्कं. रोटाव्हेटर तर हवाच. माती ओढायला पुढे लावायची फळी पण घेतोय, बांध घालताना तुझी कंबर वाचेल. फवारणीची टाकी रद्द.

रविवारी पनवेलच्या पुढे एका डीलरकडे चालवून बघायला गेलो. मी एकटा जाणार होतो. पण आपल्या चाळीचं तुला माहीत आहे, कुणाकडे मिक्सर घ्यायचा झाला तरी पाच जणं दुकानात जातात. लवू आला, गंगुबाई आल्या, तिसऱ्या मजल्यावरचा विनीत आला, त्याची गाडी होती म्हणून. डीलरचा माणूस घाबरला, त्याला वाटलं युनियनवाले आले. मी इंजिन उघडून बघितलं, तेल हातावर घासून बघितलं, गिअर टाकून कान लावला. आवाज स्वच्छ. तीन मॉडेलं होती. सगळ्यात लहान होतं ते हलकं, चिखलात पुढून उचलेल. सगळ्यात मोठं आपल्या खाचरात वळायचं नाही. मधलं उत्तम. चालवलं तेव्हा काय सांगू, बसचं एवढं मोठं धूड दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण स्टिअरिंग कधी आपलं नव्हतं. गंगुबाईंनी पण एक फेरी मारली. सत्तरी उलटलेली बाई, नऊवारीत, आणि उतरायला तयार होईना. तेव्हा तू लाजायचं कारण नाही.

रुंदी विचारलीस. सोबत सुतळी पाठवतोय. दोन गाठींच्या मधलं अंतर तेवढी मधल्या मॉडेलची रुंदी. अंगणात ताणून बघ आणि डोळे मिटून चालवून बघ.

जयवंत


शिरसकोंड
८ मार्च २०२५

जयवंता,

सुतळी मिळाली. यंत्र छान असेल, पण ते नको. हातात धरून मागून चालायचं असतं तसलं घे, किंवा सगळ्यात लहान. खालच्या खाचराचा विषय सोडून दे. परसाला आणि वरच्या तुकड्याला तेवढं पुरे.

इकडे काजू बरा आहे. तब्येतीला जप, रिटायर झालेली माणसं एकदम बसली की आजारी पडतात.

अक्का


परळ
१६ मार्च २०२५

अक्का,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. चार ओळी? मी तुला चार चार पानं लिहितो आणि तू मला काजूचं सांगतेस?

मला कळतं तुला काय वाटतंय ते. जयवंता मुंबईला वाढला, दिवाळीला बॅग घेऊन येतो, पंख्याखाली झोपतो, त्याला शेतीतलं काय कळणार. आता चार पैसे हातात आले म्हणून गावात मिरवायला निघालाय. आणि दुसरं म्हणजे तुला वरच्या आळीची भीती वाटते. बौद्धवाडीत ट्रॅक्टर आला की लोकांच्या पोटात दुखेल, कोण काय बोलेल. अक्का, ते दिवस गेले. मी माझ्या घामाचं घेतोय. आपण मान वर करून घ्यायचं नाही तर कुणी?

खालचं खाचर सोडून दे म्हणतेस! अगं, त्याच्यासाठीच तर सगळं आहे. परसात गवत कापायला मी ट्रॅक्टर घेतोय का?

तुला न सांगता एक केलंय, ते आता सांगतो. मधलं मॉडेल बुक केलं आहे, ट्रॉली-पात्यासकट. तू खूश होशील वाटलं होतं. तू हातात धरून चालायचं यंत्र घे म्हणतेस, म्हणजे आबांसारखं वाकून पुन्हा चिखलात चालायचं. ते मी घेणार नाही. तुझ्या गुडघ्यांचं काय झालंय ते मला माहीत आहे, वहिनीने सांगितलंय.

स्पष्ट लिही. नको असेल तर का नको ते लिही.

जयवंत


शिरसकोंड
२७ मार्च २०२५

जयवंता,

भीती म्हणालास म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. मला या गावात कुणाची भीती वाटत नाही. सरपंचाला ग्रामसभेत उभं करून विचारणारी मी आहे, तू गावात विचार.

तुझी सुतळी घेऊन मी खालच्या खाचराला गेले. वरच्या आळीतल्या दौलतच्या शेतांच्या मधल्या बांधावर ती आडवी टाकली. दोन्ही बाजूंनी हात हात खाली लोंबत होती. समजलं? तू चाळीच्या पटांगणात यंत्र मांडलंस, पण पटांगणाला वाट असते, आपल्या खाचराला नाही. चारी बाजूंनी दौलतची शेतं, आणि आत आपलं. आपल्याला वाटणीला आलेली जमीन गावाला नको असलेलीच होती. बैल बांधावरून एकामागे एक चालत जातात. माणूस यंत्र ढकलत नेईल. तुझं मधलं यंत्र दौलतच्या शेतातूनच उतरावं लागेल, आणि सगळ्यात लहान घेतलं तरी ओढूनताणूनच. त्याने लावणी केली की मग सुगीपर्यंत आत जाता येत नाही नि बाहेर येता येत नाही.

म्हणजे दौलतच्या दारात जाऊन वाट मागायची. ते माझ्याने होणार नाही.

तुला आबांचं गप्प बसणं आठवतं. तू त्यांच्याबरोबर मुंबईला होतास, तुला तेवढंच दिसलं. बैल मागायला आबा जायचे नाहीत, जयवंता. त्यांना ते जमत नसे. मी जायचे. परकर घातलेली पोर होते. रोज सकाळी दौलतच्या बापाच्या अंगणात जाऊन उभी राहायचे. ओटीवर चढायचं नाही, पायरीला हात लावायचा नाही. आत सगळ्यांना दिसायचं मी आलेय ते. चहा व्हायचा, जेवण व्हायचं, मी उभीच. मग कुणीतरी बाहेर येऊन म्हणायचं, आज नाही, उद्या बघू. दौलत माझ्याच वयाचा. खांबाला टेकून बघत बसायचा. “ए कौसे, उद्या ये,” हे त्यानेही शिकून घेतलं होतं. घरी आले की आबा बांधावर उभे असायचे. ते काही विचारायचे नाहीत, मी काही सांगायची नाही. आबा परत मुंबईला गेले की आई आणि मी कुदळीने खाचर खणायचो.

आई गेली त्या वर्षी मी ठरवलं की या गावात आता कुणाच्या दारात काही मागायला जायचं नाही. मीठसुद्धा नाही. आजपर्यंत गेले नाही. खालचं खाचर त्यामुळेच पडीक आहे. आळसाने नाही, गुडघ्यांनी नाही. ते तसं पडलेलं बघून मला त्रास होतो, पण अंगणात उभं राहण्यापेक्षा तो त्रास बरा.

म्हणून म्हटलं की लहान घे. एवढंच कारण.

अक्का


परळ
५ एप्रिल २०२५

अक्का,

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तू एकदाही बोलली नाहीस, आणि आबा तर बोलणारे नव्हतेच. पत्र वहिनीने वाचलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी खाली पटांगणात जाऊन बसलो. मला लाज वाटली, की मी तुला भित्री म्हणालो. ज्या पोरीने एवढं सहन केलं तिला मी मान वर करायला शिकवत होतो.

मी तुझ्या बाजूला आहे. तू विचारायला जायचं नाहीस, आणि तुझ्या वतीने मीही जाणार नाही. मी गेलो तरी ते तूच गेल्यासारखं होईल. मुंबईत डेपोच्या युनियनमध्ये आम्ही एक शिकलो, हक्काचं असेल तर निवेदन द्यायचं, नसेल तर आपली सोय आपण करायची.

डीलरशी बोललोय. तो म्हणतो, मधल्या यंत्राचं बुकिंग रद्द करतो आणि मागून चालायचं देतो, तेवढं सांभाळून घेईन. चौदा एप्रिलपर्यंत कळवायचं आहे. जयंतीच्या दिवशी मी मिरवणुकीत असेन, त्याच्या आदल्या दिवशी त्याला फोन करीन. तू म्हणशील ते. मागून चालायचं घेतलं तर चालवायला मी येईन, तू हात लावायचा नाहीस. खाचर आपल्या वेळेला होईल, बसून नाही तर चालून होईल.

पण खरं सांगू का? तुला त्या सीटवर बसलेलं बघायचं होतं मला. बाकी रोटाव्हेटर वगैरे सगळं बहाणा होता.

लवूला सगळं सांगितलं. त्याने तुला निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहितो: “कौसल्येक सांग, लवू मालवणकरान तिका हात जोडले.”

तुझा,
जयवंत


शिरसकोंड
१० एप्रिल २०२५

जयवंता,

हे पत्र स्पीड पोस्टने टाकतेय, पैसे गेले तर गेले. डीलरला फोन करू नकोस. यंत्र बदलू नकोस.

परवा दौलत आला होता. आपल्या दारात. त्या घरातला माणूस आपल्या वाडीत मत मागायला येतो, लग्नाची पत्रिका घेऊन येतो, पण असा एकटा कधी आला नव्हता. तुमच्या गाववाल्या मंडळाच्या मुंबईतल्या कुणीतरी त्याला सांगितलं असणार. पायरीशी उभा राहिला. मी खुर्ची दिली, चहा ठेवला. इकडचं तिकडचं बोलून झालं तेव्हा म्हणाला, “कौसल्याबाय, तुज्या भावान् यंत्र घेतलान म्हनं.”

कौसे नव्हे, कौसल्याबाय. मी चहा गाळत होते, पाठ होती म्हणून बरं.

त्याने बैल गेल्या वर्षी विकले. मुलगे दोघे नालासोपाऱ्याला, येत नाहीत. भाड्याचा टिलरवाला आज येतो उद्या येतो करून शेवटी येतच नाही, गेल्या वर्षी त्याचं निम्मं शेत लावणीवाचून राहिलं. म्हणाला, “यंत्र आला का आमचाबी वावर करून दे. भाडा काय असंल तो दीन. आमची पाळी कवा लागंल तेवढा सांग.”

तू इथे नव्हतास म्हणून लिहून कळवते, तुझा विश्वास बसणार नाही. त्या घरातला माणूस मला पाळी विचारत होता.

चहा दिला. मग खुंटीवरची सुतळी काढून त्याच्या हातात दिली. म्हटलं, ही यंत्राची रुंदी. तुझ्या बांधावर मावत नाही. यंत्र आमच्या खाचरात जायचं तर तुझ्या शेतातून जाणार. आणि तू लावणी केलीस की बाहेर येणार नाही. म्हणून आमचं खाचर आधी होईल, सगळ्यात आधी, आणि मग तुझं. मी तुझ्याकडे वाट मागत नाहीये, दौलत. यंत्र कुठून जातं ते सांगतेय. तुला चालत असेल तर तुझी पाळी दुसरी. चालत नसेल तर माझा भाऊ दुसरं यंत्र घेईल, आमचं अडणार नाही.

तो सुतळीकडे बघत बसला. तुला माहीत आहे, वाट जाईल त्या कोपऱ्यातच तो दरवर्षी रोपं टाकतो, ती त्याला हलवावी लागतील. आणि सगळ्या गावासमोर बौद्धवाडीचं खाचर त्याच्या आधी नांगरलं जाईल. दुसरी गोष्ट त्याला जास्त जड गेली असावी. उठला आणि गेला. चहा अर्धा तसाच.

हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही. तरी मी तुला सांगते, बसायचं यंत्रच आण. त्याने नाही म्हटलं तर ते परसात उभं राहील, गवत कापेल, शेण वाहील. पण माझं बोलून झालंय. कधीपासून ते बोलायचं राहिलं होतं.

जयंतीला माझ्या वतीने फूल वाहा.

अक्का


परळ
१८ जून २०२५

प्रिय अक्का,

इथे येऊन आठवडा झाला आणि माझं लक्ष सगळं तिकडे. चाळीच्या पुनर्विकासातल्या नव्या बिल्डिंगमध्ये घराचा ताबा याच आठवड्यात देणार आहेत, अंगठा द्यायला स्वतःच हजर राहायचं, नाहीतर नंबर मागे जातो. बघ, आमची इथेही पाळीच आहे. वहिनी खूश आहे, तिला खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसणार म्हणे. लवूचं घर आमच्या वरच, म्हणजे तो आता वरून ओरडणार.

मे महिन्यात तुला गिअर शिकवताना मी ओरडलो, ते विसर. तू लवकर शिकलीस, आमच्या डेपोतल्या कित्येक पोरांपेक्षा लवकर. फक्त क्लचवर पाय ठेवून बसू नकोस. चिखलासाठी लोखंडी जाळीची चाकं लावताना नट आधी हातानेच फिरव, मग पान्याने. वाडीतल्या बायकांना मी दाखवून आलोय, त्या करतील.

पण मुख्य विचारायचं ते हे. मी होतो तोवर दौलत एक शब्द बोलला नाही. रस्त्यात भेटला की यंत्राकडे बघायचा आणि मान खाली घालून जायचा. मी ठरवल्याप्रमाणे विचारलं नाही. यंत्र विहाराच्या बाजूला उभंच राहिलं. आता तर लावणीचे दिवस आले. तू फोनवर नुसतं “बरं चाललंय” म्हणतेस, म्हणजे काय चाललंय? त्याने रोपं त्याच कोपऱ्यात टाकली असतील तर यंदा पण आपलं खाचर राहिलं समज. तसं झालं असेल तर तसं लिही. मला वाईट वाटेल, पण तुझ्याबद्दलचा अभिमान कमी होणार नाही.

जयवंत


शिरसकोंड
२९ जून २०२५

जयवंता,

जयभीम. नवीन घराचं अभिनंदन. समुद्राच्या तुकड्यावर वहिनीला सांभाळ, खाली वाकून बघेल.

फोनवर सांगितलं नाही कारण झाल्याशिवाय सांगायचं नव्हतं. आता झालं आहे, सगळं लिहिते.

मागच्या सोमवारी सकाळी खालच्या अंगाला गेले तर दौलत त्याचा बांध फोडत होता. एकटाच, कुदळ घेऊन. कोपऱ्यात रोपं नव्हती, ती त्याने आधीच वरच्या चोंढ्याच्या तुकड्यात टाकली होती, मला कळूच दिलं नव्हतं. मी आलेली दिसली तरी थांबला नाही. बांध फोडून झाला तेव्हा खिशातून तुझी सुतळी काढली, फोडलेल्या वाटेवर आडवी धरली, दोन्ही बाजूंना थोडी जागा आणखी सोडली आणि घरी गेला. त्याच्यासाठी एवढंही पुष्कळ होतं, हे मी मान्य करते.

दुसऱ्या दिवशी यंत्र उतरवलं. सगळी वाडी बांधावर. बायकांनी विहारातून पंचशील झेंडा आणून पुढे बांधला. म्हशी बिथरल्या नाहीत. मी बसले, पण क्लचवर पाय ठेवून बसले नाही. दौलतच्या शेतातून खाली गेले, सगळं गाव बघत होतं, वरच्या आळीचं पण. खाचर इतकी वर्षं पडलेलं, गवताची मुळं घट्ट, दोनदा अडलं. पण यंत्राने काढलं. काळी माती वर आली तेव्हा मला आईची फार आठवण झाली. तिच्या हाताला पडलेल्या घट्ट्यांची. रडले मी, सीटवर बसूनच रडले, आणि चालवत राहिले. तू नसल्याचं त्या वेळी फार जाणवलं.

दुपारी आपलं संपलं. वर बघितलं तर दौलत डोक्यावर पावसाचं इरलं घेऊन त्याच्या बांधावर उभा. कधीचा उभा होता कुणास ठाऊक. त्याने हाक मारली नाही, विचारलं नाही. नुसता उभा. वाडीतल्या बायका मला म्हणाल्या, राहू दे, उद्या बघू म्हणून सांग. हसत होत्या. त्यांना सगळं माहीत आहे. आणि माझ्या तोंडात ते शब्द आले होते, जयवंता, खोटं सांगत नाही. ‘आज नाही, उद्या बघू.’ किती सोपे शब्द.

ते माझ्याने बोलवेना. माणसाला उभं करून ठेवणं आपल्या घरात कुणाला शिकवलेलंच नाही. मी यंत्र वळवलं आणि तसंच त्याच्या शेतात घातलं. जेवले पण नाही.

तो धावत खाली आला. म्हणाला, “तू दमली असंल. उतर, मी चालवतो.” सीटवर हात ठेवला.

मी म्हटलं, “हात काढ, दौलत. यंत्र आमचं आहे. चालवणार मी.”

त्याने हात काढला. बांधावर जाऊन बसला आणि मी त्याचं शेत नांगरलं, दिवस मावळेपर्यंत, बसून.

आपल्या खाचराची लावणी परवा पूर्ण झाली. यंदा शिरसकोंडात सगळ्यात आधी आपली.

अक्का